मारीनचा शेजारी

...तर तो बूट. डाव्या पायाचा बूट उजव्या पायात घालून देशाचा शेतीमंत्री आमच्या बंधाऱ्यावर उभा होता, इथवर काल सांगून झालं होतं. वारा असा, की तोंड उघडलं की शब्द परत आपल्याच घशात जायचे. सरकारची काळी गाडी खाली चिखलात रुतलेली, ड्रायव्हर काचा बंद करून आत बसलेला, आणि क्राइन वेरस्ट्राते, मंत्री, हातात फावडं घेऊन वाळूच्या पोत्यांपाशी हजर. त्याचा थोरला भाऊ मारीन तिथं सकाळपासून होता. त्यानं क्राइनच्या पायांकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, पुन्हा पायांकडे पाहिलं.

"हेगला मंत्र्यांना बूट घालायला माणूस ठेवलाय वाटतं," मारीन म्हणाला. "आज रजेवर गेला का तो?"

"गाडीत घातले. गाडी हलत होती."

"गाडी हलली तर हे असं. मग सरकार हललं की काय काय उलटंसुलटं होत असेल रे बाबा!"

आम्ही सगळे हसलो. खाली समुद्र बंधाऱ्याला धडका देत होता आणि वर आम्ही पोटं धरून हसत होतो. मी सायकली दुरुस्त करणारा माणूस, माझ्या हातात फावडं नीट बसायचं नाही, ते हसण्यात निसटून खाली गेलं. ते आणायलाही मंत्रीच उतरले, उलट्या बुटांनी.

वादळाचा इशारा आला की आमच्या झाउडहूक गावात प्रत्येक घराची बंधाऱ्यावरची जागा ठरलेली असते. वेरस्ट्रातेंची जागा पाण्याच्या दरवाजापाशी, म्हणजे सगळ्यांत वाईट. क्राइन संसदेत गेला, राज्यमंत्री झाला, मंत्री झाला, पण इशारा आला की बैठक अर्धी टाकून तो यायचा. त्याला एकदा कुणी तरी म्हणालं, "साहेब, तिकडे माणसं कमी आहेत का?" हा म्हणाला, "माणसं पुष्कळ आहेत. मारीन एकच आहे."

त्याचं सगळं त्या भावावर होतं. लोक म्हणतात राजकारणी माणसाला खुर्ची हवी असते. क्राइनला खुर्च्या एकामागून एक मिळत गेल्या आणि त्यानं त्या नीट झाडून पुसून पुढच्याला दिल्या. मारीननं आपल्याला आपलं म्हणावं, एवढं मात्र त्याला शेवटपर्यंत हवं होतं. बाकी सगळं त्याच्या मानानं वर्तमानपत्रातलं.

कारणही तसंच होतं. त्रेपन्न सालच्या पुरात त्यांची आई गेली. बाप बैलगाडीएवढ्या लाटेखालून कसाबसा वाचला आणि मग उरलेलं आयुष्य खिडकीपाशी बसून काढलं. मारीन तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा, क्राइन माझ्या वर्गातला, दुधाचे दात पडत असलेला. मारीननं त्याला कोठाराच्या छपरावर ओढलं, आपल्या कमरेचा पट्टा काढून त्याला स्वतःशी बांधलं आणि वर दंड धरून ठेवला. होडी आली तेव्हा होडीवाल्याला मारीनची बोटं एकेक करून सोडवावी लागली. शाळा पुन्हा भरली तेव्हा क्राइन बाही वर करून आम्हाला दंडावरचे काळेनिळे वळ दाखवायचा. आम्हाला हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू. "हे मारीनचे आहेत," म्हणायचा, जणू मारीननं त्याला वाढदिवसाला दिले होते.

मग जमीन. यानके पोल्डर म्हणतात तिला, आमच्या पणजोबांच्या पणजोबांनी समुद्राकडून मागून घेतलेली, बंधाऱ्याआतली. पुरानंतर ती मिठानं पांढरी पडली होती. मारीननं शाळा सोडली आणि तिच्यावर जिप्सम टाकत, नांगरत, पुन्हा टाकत तिला माणसांत आणली. शाळेतले गुरुजी घरी येऊन म्हणाले, दोघांतला एक पोरगा पुढं शिकला पाहिजे. बाप खिडकीतून बाहेरच बघत होता. मारीन म्हणाला, "त्याला डोकं आहे. मला हात आहेत. डोकं शाळेत पाठवा, हात इथं लागतात."

डोकं शिकायला गेलं आणि लिबरल होऊन परत आलं!

आता तुम्हाला कसं सांगू. आमच्या गावात माणूस जन्मतो, बाप्तिस्मा होतो आणि चर्चच्या पक्षाला मत देतो, मधे काही विचार लागत नाही. लिबरल म्हणजे रविवारी, देवाच्या दिवशी, सायकल चालवणारे लोक, अशी आमची समजूत. मारीननं त्याला बंधाऱ्यावरच विचारलं, "म्हणजे तुझं काय म्हणणं आहे नेमकं?"

"कायदा सगळ्यांना एकच. पाद्र्याला, पाटलाला, मजुराला. आणि कुणी कसं जगावं ते दुसऱ्यानं सांगू नये."

"तू मला सांगतोयस ना आत्ता?"

"नाही, मी फक्त..."

"मग ठीक आहे. मत माझं चर्चच्या पक्षाला. बटाटे तुला."

आणि खरंच, क्राइन आधी आमच्या पाणीमंडळावर निवडून आला, मग प्रांतात, मग हेगच्या संसदेत. एकदाही मारीननं त्याला मत दिलं नाही आणि ते लपवलंही नाही. पण पानगळ सुरू झाली की बटाट्याचं पोतं हेगला जायचंच. क्राइनची बायको हेस्टर शहरातली, वकिलाची मुलगी. ती म्हणायची, "हा देशातला एकटाच खासदार असेल, ज्याचा विरोधी पक्ष त्याला जेवू घालतो."

शेतीमंत्री असताना बीटाचे भाव पडले तेव्हाची गंमत ऐका. देशभरचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला गेले. त्यांत मारीनही. ट्रॅक्टरला फळा लावलेला, 'मंत्रीसाहेब, या भावात तुम्हीच पिकवा.' संसदेसमोर उभा राहून दिवसभर घसा बसेपर्यंत ओरडला. क्राइन वरच्या खिडकीत आला की त्याचा आवाज अजून चढायचा. संध्याकाळ झाली. बाकीचे ट्रॅक्टरखाली पथाऱ्या पसरायला लागले. मारीन हेस्टरच्या दारात.

"वाटाण्याचं सूप केलंयस ना? वास येतोय."

"मोजे बाहेर काढा आधी," हेस्टर म्हणाली. "सरकारी गालिचा आहे."

रात्रभर मंत्र्याच्या घरात घोरला. सकाळी हेस्टरनं त्याला चीजचे पाव बांधून दिले. म्हणाली, "नीट खा, ओरडायला ताकद लागते." आणि हा गेला पुन्हा ओरडायला. क्राइन त्या दिवशी संसदेत भाषणात म्हणाला, "आंदोलक भुकेले नाहीत, हे मी खात्रीनं सांगू शकतो." कुणालाच कळलं नाही तो का हसला.

पुढं त्याला ब्रसेल्सला पाठवलं, युरोपचा आयुक्त म्हणून. पर्यावरण, नद्या, पक्षी, असलं खातं. तिथंही हा दुपारी टेबलावर चीजचा पाव उघडून बसायचा. बाकीचे आयुक्त तीन-तीन ताटल्यांचं जेवायला जायचे. त्याच्या इटालियन सहकाऱ्याला वाटलं याच्या घरी कुणी तरी गेलंय, म्हणून हा उपास करतोय. बिचारा काळा टाय बांधून सांत्वनाला आला! क्राइननं त्याला अर्धा पाव दिला. तो इटालियन मग रोज यायचा, पण आपली चटणी घेऊन.

आणि तिथं त्यानं तो नियम केला. नदी समुद्राला मिळते तिथं जो चिखल असतो ना, भरतीला बुडणारा, ओहोटीला उघडा पडणारा, ज्यावर पक्षी चरतात, तो कुणी आपल्या कामासाठी संपवला, तर तेवढीच जमीन दुसरीकडे पाण्याला परत द्यायची. साधा नियम. कित्येक देशांना एका टेबलाशी बसवून, कॉफी पाजून पाजून त्यानं तो मान्य करून घेतला. सुट्टीत गावी आला तेव्हा माझ्या दुकानात स्टुलावर बसून म्हणाला, "इझाक, आयुष्यभर मी माणसांच्या बाजूनं बोललो. पहिल्यांदाच नदीच्या बाजूनं बोलून आलोय." त्याचा चेहरा असा उजळला होता, की मी त्याच्या सायकलचं पंक्चर फुकट काढलं.

तो ब्रसेल्सहून निवृत्त झाला. आणि मग आमच्या शेल्ड नदीचा तळ खोल करायचं ठरलं, शेजारच्या देशातल्या बंदरात मोठी जहाजं जावीत म्हणून. तळ खोल केला की काठचा चिखल वाहून जाणार. चिखल गेला की क्राइनचा नियम लागू. म्हणजे कुठला तरी पोल्डर पाण्याला परत द्यायचा. कुठला?

आपल्या देशात अवघड प्रश्न आला की समिती नेमतात आणि तिला अध्यक्षाचं नाव देतात, म्हणजे शिव्या कुणाला द्यायच्या ते लोकांना सोपं पडतं. वेरस्ट्राते समिती नेमली. क्राइनला विचारलं आणि क्राइन हो म्हणाला.

का म्हणाला? आम्ही सगळे जिथं चुकतो तिथंच तो चुकला. समुद्राच्या पातळीखाली राहणाऱ्या माणसांची ही खोड आहे. आम्हाला वाटतं, सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं, पुरेशी कॉफी पाजली, कुणालाही मधेच उठू दिलं नाही, तर शेवटी असं काही तरी निघतं ज्यात कुणाचंच फार वाईट होत नाही. आमचे बंधारे असेच बांधले गेलेत. क्राइनची सगळी कारकीर्द अशीच झाली होती. त्याला वाटलं, यातूनही तसंच काही तरी निघेल.

पण पाण्याला जमीन हवी होती, आणि जमीन कुणाची तरी असतेच. पाणी मोजणारे, पक्षी मोजणारे, माती तपासणारे, सगळ्यांची बोटं नकाशावर फिरत फिरत एकाच जागी येऊन टेकली. यानके पोल्डर. त्यात एकच घर होतं.

तो शनिवार मला दिसतो. मी मारीनच्या अंगणात त्याच्या बायकोच्या, मिनाच्या, सायकलची साखळी बसवत होतो. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. क्राइन आला, बसला. मिनानं कॉफी ओतली, डब्यातून एकेक बिस्कीट दिलं, झाकण लावलं. बराच वेळ चमचेच बोलत होते.

मग मारीन म्हणाला, "आजारी पड."

"काय?"

"आजारी पड म्हणतोय. पाठ धरली, छातीत दुखतंय, काहीही. दोन महिने अंथरुणात राहा. तुझ्या खुर्चीत दुसरा कुणी बसेल, तो करील सही. पोल्डर जायचा असेल तर जाऊ दे, त्याचं मी बघतो. तुझ्या हातानं जायला नको."

क्राइननं चमचा बशीत ठेवला.

"जमीन वाचव असं म्हणत नाहीये मी," मारीन म्हणाला. "ऐकतोयस ना? ते मी मागतच नाहीये."

"मी आजारी नाही, मारीन."

"मला माहिताय तू आजारी नाहीस! म्हणून तर सांगतोय!"

"मी बाजूला झालो तर नदीपलीकडच्या शेतकऱ्याला काय सांगू? की तुझी जमीन आली असती तर मी सही केली असती, भावाची आली म्हणून पांघरूण घेऊन झोपलो?"

"त्याला काहीच सांगू नकोस. तो तुझा कोण?"

"कोणीच नाही," क्राइन म्हणाला. "तेच तर."

मिनानं डबा पुन्हा उघडला आणि क्राइनपुढं दुसरं बिस्कीट धरलं. आमच्याकडे कॉफीबरोबर एकच बिस्कीट असतं, राजा आला तरी एकच. मिनाला मी जन्मापासून ओळखतो, तिनं असं कधी केलं नव्हतं. क्राइननं ते बिस्कीट घेतलं नाही. त्याच्या बशीत तिनं ते ठेवलं आणि तो गेल्यावर ते तिथंच होतं.

त्यानं सही केली.

हेगच्या वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. स्वतःच्या घरालाही सूट न देणारा माणूस, वगैरे. मारीननं मात्र एक शब्द काढला नाही. बीटाच्या भावासाठी घसा फोडणारा माणूस! तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या पानगळीत बटाट्याचं पोतं हेगला गेलं नाही. हेस्टर बाजारातून बटाटे घेऊन आली आणि क्राइन ते खाईना, असं तिनंच मिनाला फोनवर सांगितलं. दोघी जावा चोरून बोलायच्या.

गावाचंही तसंच. आमच्याकडे कुणी दगड मारत नाही. रस्त्यात माणूस भेटला की आम्ही सायकलच्या दांडीवरनं एक बोट वर करतो, झाला नमस्कार. क्राइन गावात आला की बोटं दांडीवरच राहायची. एवढंच. रस्त्यानं जाताना तो मात्र सगळ्यांना बोट वर करायचा, शेवटपर्यंत करायचा.

कोर्टकचेऱ्या झाल्या, सरकारं पडली, नवी आली, प्रत्येकानं पोल्डर वाचवण्याचं वचन दिलं आणि प्रत्येकानं ते पुढच्यावर ढकललं. मधल्या काळात हेस्टर गेली. मिना तिच्या अंत्यविधीला गेली, मागच्या रांगेत बसली. मारीन गेला नाही. त्या दिवशी तो बंधाऱ्यावर जाऊन पाण्याच्या दरवाजापाशी उभा होता. हवा अगदी शांत होती, वादळाचं नाव नाही. मी लांबून बघितलं आणि सायकल वळवली.

शेवटी जमीन गेलीच. मारीन आणि मिना गावात चर्चच्या रस्त्यावर आले, एकाला एक लागून असलेल्या विटांच्या घरांपैकी एकात. टोकाचं घर होतं, म्हणजे शेजारी एकाच बाजूला. त्या शेजारच्या घरातली मास्तरीण दुसऱ्या गावी बदलून गेली आणि ते घर रिकामं झालं.

ते क्राइननं घेतलं.

मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो सामानाच्या खोक्यांत बसला होता. मी म्हटलं, "अरे, डोकं फिरलंय का तुझं? तो तुझं तोंड बघत नाही आणि तू त्याच्या भिंतीला भिंत लावतोस?"

तो म्हणाला, "इझाक, आपल्याकडे भाऊ नाकारता येतो का?"

"येतो की. तुझंच उदाहरण आहे."

"आणि पहिला शेजारी?"

तिथं त्यानं मला पकडलं. कारण पहिला शेजारी, ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागते तो, आमच्याकडे नाकारता येत नाही. भांडण असो, पंथ वेगळा असो, बोलणं बंद असो. घरात कुणी पडलं तर डॉक्टरला पहिला शेजारी आणतो. बाळ झालं तर आधी त्याला कळतं. कुणी गेलं तर घरोघर तो सांगतो आणि पेटीचा पुढचा डावा कोपरा त्याच्या खांद्यावर असतो. हे कुठं लिहिलेलं नाही आणि कुणी मोडलेलंही नाही. एवढी मंत्रिपदं भोगलेल्या माणसानं सगळा विचार करून आपल्यासाठी हे एक पद शोधून काढलं होतं.

नव्या शेजाऱ्यानं आधी बेल वाजवायची असते. क्राइननं वाजवली. हातात बेकरीतल्या गोड बोलुसांचं खोकं. दार मारीननंच उघडलं. मी समोरच होतो, पाद्रीबाईंच्या सायकलला ब्रेक लावत. ब्रेक राहिला बाजूला.

क्राइननं हात पुढं केला. "नमस्कार. मी शेजारी राहायला आलोय. क्राइन वेरस्ट्राते."

मारीननं त्या हाताकडे पाहिलं. शेजाऱ्याचा हात धरावा लागतो. त्यानं धरला.

"मारीन वेरस्ट्राते," तो म्हणाला. "कचऱ्याची गाडी मंगळवारी येते. डबा रात्री बाहेर ठेवू नका, कावळे उपसतात."

आणि दार लावलं. थोड्या वेळानं मिनानं ते परत उघडून खोकं आत घेतलं.

नंतर कित्येक वर्षं ते असेच राहिले. क्राइन हिवाळ्यात दोन्ही घरांपुढचा बर्फ काढायचा, मारीन दोन्ही घरांपुढचं गवत कापायचा, पण एक जण बाहेर आला की दुसरा आत. "शेजारी, जिन्याखाली तुमचा पाइप गळतोय." "आभारी आहे, शेजारी." इतकंच. मी क्राइनला कधी कधी विचारायचो, "काही बोलला का?" तो अगदी आनंदात सांगायचा, "हो, पाइपाबद्दल!"

बंधारा फोडून यानके पोल्डरमधे पाणी सोडलं त्या दिवशी हेगहून मोठी माणसं आली होती, तंबू टाकला होता, बॅंड होता. क्राइनला पहिल्या रांगेत खुर्ची होती. तो गेला नाही. मी चर्चच्या रस्त्यानं सायकलवरनं चाललो होतो. आमच्या खिडक्यांना दिवसा कुणी पडदे ओढत नाही, त्यामुळं न बघता बघणं होतंच. एका खिडकीत मारीन, रस्त्याकडे पाठ करून खुर्चीत बसलेला. पुढच्या खिडकीत क्राइन, तसाच, पाठ करून. मधे विटांची भिंत. दोघांचे केस मागून इतके सारखे दिसत होते, की मला सायकलवरनं उतरावं लागलं.

मग मारीन पडला. आधी पाय गेले, मग बाकीचं हळूहळू. त्याची मुलगी, नेली नावाची, दूर उत्तरेला राहायची, तिला रोज येणं शक्य नव्हतं. मिना म्हातारी, हा गडी अंगानं दांडगा. तिला मदत लागली की ती झाडूच्या दांड्यानं भिंतीवर ठोकायची. भिंतीपलीकडून क्राइन धावत यायचा, धावत म्हणजे आमच्या वयाला जमेल तसं. तो त्याला उचलायचा, कूस बदलायचा, दाढी करायचा. मारीन छताकडे बघायचा.

"शेजारी, पाय धरा."

"धरले."

"आता डावा. शेजारी, तुमचे हात गार आहेत."

क्राइन मग यायच्या आधी हात गरम पाण्यात बुडवून यायला लागला.

एकदा मी भेटायला गेलो होतो तेव्हा मारीन छताकडे बघतच म्हणाला, "शेजारी. पाणी कुठवर आलंय?"

क्राइनला कळलं कुठलं पाणी ते. त्या दिवसापासून तो रोज सकाळी सायकल घेऊन उरलेल्या बंधाऱ्यावर जायचा, बघायचा आणि येऊन सांगायचा. तीन खात्यांचा कारभार केलेला माणूस, पण एवढ्या काळजीनं त्यानं कुठल्या सरकारला माहिती दिली नसेल.

"तुमच्या नासपतीच्या झाडापर्यंत आलंय."

"झाड आहे?"

"उभं आहे. पानं नाहीत."

"पक्षी?"

"आलेत. पुष्कळ."

"कुठले?"

"ते पांढरे, चमच्यासारख्या चोचीचे."

"हं," मारीन म्हणाला. मग विचारलं, "खातात का नीट?"

"खातात."

"मग झालं. पुरे आता, शेजारी. थकलो."

बाहेर आल्यावर क्राइन भिंतीला टेकून उभा राहिला. मी म्हटलं, "आज खूप बोलला की." तो म्हणाला, "हो ना." मग म्हणाला, "तू तिथं होतास. मधे कुठं चुकून नावानं हाक मारली का रे त्यानं मला? माझं एका कानानं नीट ऐकू येत नाही हल्ली."

मी म्हटलं, "नाही रे." त्यानं मान हलवली, टोपी घातली आणि घरात गेला.

मारीन गेला त्या सकाळी मिनानं भिंतीवर ठोकलं नाही. ती स्वतः शेजारच्या दारात गेली, एप्रनमधेच. क्राइननं काळा कोट घातला, टोपी हातात घेतली आणि रस्त्याच्या टोकापासून सुरुवात केली. दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "मारीन वेरस्ट्राते गेले. शेजाऱ्यांच्या वतीनं कळवतो." इतकी वर्षं ज्यांनी त्याला बोट वर केलं नव्हतं त्या सगळ्यांना दार उघडावं लागलं, टोपी काढावी लागली, "कळवल्याबद्दल आभार, शेजारी," म्हणावं लागलं. माझ्या दारातही त्यानं तेच वाक्य तसंच म्हटलं. मी म्हटलं, "क्राइन, आत ये, बस जरा." म्हणाला, "अजून घरं राहिलीत."

पेटी उचलली तेव्हा पुढचा डावा कोपरा त्याच्या खांद्यावर. त्याच्यापेक्षा तरणी माणसं होती. कुणी "मी घेतो" म्हणालं नाही. त्याची ती जागा होती, आणि गावानं ती मानली, एवढं तरी गावानं केलं. चर्चपासून कबरीपर्यंतच्या वाटेवर तो दोनदा अडखळला. दोन्ही वेळा बाकीचे पाच थांबले, त्याचा पाय सावरू दिला, आणि मग चालले.

नंतर चर्चच्या दालनात कॉफी आणि मनुका घातलेला पाव. एका बाजूला घरच्यांचं लांब टेबल, तिथं मिना, नेली, नातवंडं. दाराजवळ दुसरं टेबल, पेटी वाहून आणणाऱ्या शेजाऱ्यांचं. क्राइन आमच्याबरोबर दाराजवळ बसला, खांदा चोळत. त्याची कॉफी मी ओतली.

नेली उठून आली. डोळे सुजलेले, हातात एक रिकामी खुर्ची ओढत. सगळं दालन कप खाली ठेवून बघायला लागलं.

"काका," ती म्हणाली, "चला, तिकडे बसा. आईच्या शेजारी. बाबा हट्टी होते, आपल्या सगळ्यांना माहिताय. आता संपलं ना ते. तुम्ही त्यांचे भाऊ आहात."

क्राइन उभा राहिला. मला वाटलं, जातोय. त्यानं तिच्या हातातली खुर्ची घेतली, ती आमच्या टेबलाशी लावली, नेलीला तिच्यावर बसवलं, आणि तिचा हात हातात धरून म्हणाला :

"नको गं, नेली. तुझ्या बापानं मला शेजाऱ्याची जागा दिली होती, ती मी सांभाळली. भावाची त्यानं दिली नाही. आणि आता तो 'नाही' म्हणू शकत नाही, एवढ्यावरून ती मी घ्यायची नसते."